डावखुऱ्या हीरोंची गयाबाई

गयाबाईची पुष्कळ वर्षं अशी पक्की समजूत होती, की पिक्चरमध्ये काम करणारी सगळी माणसं डावखुरी असतात. जेवतात डाव्या हाताने, मारतात डाव्या हाताने, चिठ्ठीसुद्धा डाव्याच हाताने लिहितात. कारण साधं होतं. ऊसतोडीला ती ज्या साखर कारखान्यावर जायची, तिथे हंगामात कधीमधी मैदानात पांढरा कपडा बांधून पिक्चर दाखवत. कपड्याच्या पुढे कारखान्याची माणसं आणि त्यांची बायकापोरं बसत, मागच्या अंगाला पाचटाच्या कोप्यांमध्ये राहणारे तोडकरी. मागून पाहिलं की सगळं उलटं दिसतं. पुढे भाच्याच्या लग्नाला बीडला गेली तेव्हा तिने पहिल्यांदा टॉकीजमध्ये पिक्चर पाहिला. आपला आवडता हीरो उजव्या हाताने जेवताना बघून ती शेजारणीला म्हणाली, "ह्यो कधी सुधारला वं?"

हा किस्सा ती स्वतःच सांगायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची. वर म्हणायची, "पर एक सांगते, मागून बघितलं तरी खोटं रडणं तवाच कळत होतं मला."

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पाझर तलावाच्या कामावर. दुष्काळ पडला होता आणि चौसाळ्याच्या अलीकडच्या आमच्या गावातल्या निम्म्या बायका तिथे खडी फोडत होत्या. मी लग्न होऊन नुकतीच आलेली. कुणी काही विचारलं तर मान हलवायची, एवढंच. बायकांनी माझं नाव 'मुकी' ठेवून टाकलं होतं. गयाबाई बौद्ध वस्तीतली, उंच, काळीसावळी, आवाज खणखणीत. तिचं तोंड चालू असलं तरी हातोडा थांबत नसे.

पिक्चर तिला कुठलाही चालायचा. बीडच्या टॉकीजमधला, कपिलधारच्या यात्रेत तंबूतला, पुढे पुढे गणपतीत रस्त्यावर लावलेला. पाहून आली की दुसऱ्या दिवशी कामावर त्याची सगळी गोष्ट सांगायची. आणि गोष्ट संपली की मत. मताशिवाय तिने पिक्चर कधी सोडला नाही.

बीडचा तो भाचा पेपर वाचायचा. त्याने तिला सांगितलं, की पिक्चरवाल्यांना दरवर्षी बक्षिसं देतात, पण आधी चार-पाच जणांची नावं काढतात आणि मग त्यातला एक निवडतात. ही रीत तिला फार आवडली. नावं मात्र आवडली नाहीत.

"ह्या याद्या करणाऱ्यांनी पिक्चर पाह्यलेत का नुसते पोस्टर?" ती हातोडा आपटत म्हणाली. "त्या पोरीचं नाव कावून घातलं? सासरा मेला तरी तिची बट हालली न्हाई! आन् म्हातारीचं काम करणारी कुठं गेली? न्हाई बायांनो, आपणच काढू नावं."

तेव्हापासून आमच्या खडीच्या ढिगाऱ्यावर बक्षिसं सुरू झाली. चांगलं रडणारी, खाष्ट सासू, भामटा सावकार. आणि तिचं सगळ्यात लाडकं बक्षीस म्हणजे 'बिनबोलीचं काम', ज्या माणसाच्या तोंडी एकही वाक्य नाही त्याला. "बोलायला दिल्यावर कुणीबी चमकतंय," ती म्हणायची. "गप बसून दिसलं पाह्यजे." नियम एकच होता. नाव घेतलं की कारण सांगायचं. "कारण न्हाई, तर नाव माघारी."

बक्षीस होतं गुळाचा खडा, तिच्या घरचा, फडक्यात बांधून आणलेला. मुंबईची माणसं काही तलावावर येणार नव्हती. म्हणून त्यांच्या वतीने आमच्यातल्या एकीने ते घ्यायचं आणि दोन शब्द बोलायचे. त्या काळात आमच्याकडच्या बायका तिच्या घागरीतलं पाणी पीत नसत. भाकरी खायलाही सावल्या वेगळ्या होत्या. पण बक्षिसाला नाही कोण म्हणणार? मुकादमाची भावजय सखूबाई सोवळ्याची कडक. खाष्ट सासूचं बक्षीस घ्यायला तीच पदर खोचून उठली. "त्या नटीनं माझ्याच सासूचं काम केलंय," म्हणाली, "पर मला इचारलं असतं तर आणखी चार शिव्या दिल्या असत्या!" आणि गयाबाईच्या हातातला गूळ तिने सगळ्यांच्या देखत तोंडात टाकला. बायका हसून लोळल्या. गयाबाई हसली नाही. तिने सखूबाईकडे एकदा नीट बघितलं आणि पुन्हा खडी फोडायला लागली.

एकदा बिनबोलीचं बक्षीस दारात कंदील धरून उभ्या राहणाऱ्या एका म्हातारीला मिळालं. गयाबाई म्हणाली, "हे मुकी घेईल." मी उठले आणि पायाखालच्या खडीकडे बघत उभी राहिले. बायका वाट बघत होत्या. गयाबाईने गूळ माझ्या तळहातावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "बोलता येत नसंल तर खा, लेकी. तेबी बोलणंच हाय."

मी खाल्ला. तेवढ्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर गावात शाळेपुढे कपडा बांधून एक दुष्काळाचा पिक्चर दाखवला. तो आम्ही सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी गयाबाईने त्यातल्या हिरोईनचं नाव घातलं. कारण सांगितलं, की बिचारी किती लांबून पाणी आणते. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "कळशी रिकामी होती."

हातोडे थांबले. "काय म्हणलीस?"

"भरल्या कळशीखाली मान अशी हालत न्हाई," मी खाली बघत म्हणाले. "ती वळून वळून हसत होती."

गयाबाई उठूनच उभी राहिली. "नाव माघारी! एवढी नजर घिऊन इतके दिस गप बसलीस व्हय गं, चोरटे?"

मग पाऊसपाण्याची बरी वर्षं आली. गावात बायकांची दूध संस्था निघाली. माझ्या घरी दोन म्हशी झाल्या, गयाबाईकडे एक. दूध संघाची गाडी रोज गावात येऊन दूध नेऊ लागली आणि मी काय, गयाबाई काय, दर हंगामाला ऊसतोडीला जायचं आमचं थांबलं. माझी मुलगी वर्षभर एकाच शाळेत बसायला लागली, ती या दुधामुळे.

पुन्हा दुष्काळ पडला. चारा संपला, दूध आटलं. संघाचे साहेब गावात आले आणि म्हणाले, एवढ्या थोड्या दुधासाठी गाडी परवडत नाही, गावातलं दूध केंद्र बंद करावं लागेल. केंद्र बंद म्हणजे म्हशी बाजारात आणि आम्ही पुन्हा कोपीत. मुलीची शाळा तिथेच संपणार होती. सगळ्या बायका गयाबाईकडे बघू लागल्या. बोलणारी तीच. ती मात्र माझ्या कानाशी आली.

"तू बोल."

"मी? मावशी, तुमी असताना?"

"मी तोंड उघडलं की लोक हसायलाच बसत्यात. साहेबबी हसंल आन् गाडीत बसून जाईल. तुला कुणी हसत न्हाई. नाव घे आन् कारण सांग, बास."

मी उभी राहिले. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. म्हणाले, "साहेब, दूध कमी हाय, कारण चारा न्हाई. म्हशी अजून दावणीला हायत. आज केंद्र बंद झालं तर म्हशी विकाव्या लागत्याल. मग उद्या पाऊस पडला तरी ह्या गावात दूध कुठून येणार?"

साहेबांनी दुधाच्या नोंदीची वही पुन्हा उघडून पाहिली. मग म्हणाले, गाडी गावात येणार नाही, पण पावसाळ्यापर्यंत फाट्यावर थांबेल. कॅन तुम्ही तिथवर आणा.

आम्ही आणले. सगळ्या घरांचं दूध एका कॅनमध्ये घालून, पाळीपाळीने डोक्यावर घेऊन. माझ्या पाळीला गयाबाई मागून चालत होती. मान ताठ ठेवून मी चालले होते, वळायची सोय नव्हती. मागून आवाज आला, "आता कसं! ही चाल खरी हाय. हिचं नाव यादीत घाला."

मुलगी दहावी झाली, नर्सिंगला गेली. लोक माझं कौतुक करतात. मला मात्र कॅनखालची मान आठवते, आणि मागून येणारा तो आवाज.

गयाबाई गेली ती पिकल्या वयात, झोपेतच. तिच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलू लागला. पुरुष बोलले ते डावखुऱ्या हीरोंचा किस्सा सांगून. लोक हसले, रडलेही. मग मी उठले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

"एक बक्षीस राहिलंय," मी म्हणाले. "नाव गयाबाई. कारण सांगते. तिनं आमाला कपड्याच्या मागून पुढं आणलं, आन् सोता मागंच बसली."

पदरात बांधून आणलेला गुळाचा खडा मी सोडला. तिच्या वतीने घ्यायला तिचा मुलगा पुढे आला. चांगला मोठा बाप्या माणूस, केस पिकलेले. तळहातावर गूळ घेऊन तो उभा राहिला. दोन शब्द बोलायचे होते, पण ओठ नुसते हलत होते.

मी म्हणाले, "बोलता येत नसंल तर खा, बाबा. तेबी बोलणंच हाय."