मागे कोण बसणार?

मंडळी, आज सकाळी साकीनाक्याला माझी चांगलीच जिरली, आणि तरी मी खूश आहे.

पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन बाईकवरून कणकवलीला जायचंय. छातीवर वारा फार येतो, म्हणून पुढे काच बसवायला गेलो. दुकान शोभाताईंचं. पाने-स्क्रूड्रायव्हर त्या स्वतःच चालवतात. मी ऑर्डर सोडली, "सगळ्यात उंच काच द्या."

"मागे कोण बसणार?"

"बायको."

"मग तिला आण. तिच्याशिवाय काच देणार नाही."

डोकंच सटकलं यार. पण फोन केला. सुषमा घाटकोपरहून मेट्रोने आली, हेल्मेट हातात घेऊन.

ताईंनी उंच काच तात्पुरती लावली आणि आम्हाला हायवेवर चक्कर मारायला पाठवलं. मला एकदम झकास वाटलं, वारा नावाला नाही. परत आलो, तर ताईंनी मला विचारलंच नाही, सुषमाला विचारलं.

ती म्हणाली, "काचेवरून उडून सगळा वारा माझ्या डोक्यावर येतो. मान दुखली."

मग वीतभर उंचीची छोटी काच लागली. पुन्हा चक्कर. या वेळी सुषमा हसत उतरली. माझ्या खांद्यांना थोडा वारा लागतो, लागू दे.

उंच काच विकून ताई पाच मिनिटांत मोकळ्या झाल्या असत्या. एवढा उपद्व्याप कोण करतं हो?

निघताना सुषमा म्हणाली, "सात वर्षं मागे बसतेय. कसं वाटतं, हे आज पहिल्यांदा कोणीतरी विचारलं."

तुमच्या मागे कोण बसतं? विचारलंय कधी?