सातवा डबा आधी

जेवण झाले आहे. पडवीत घोंगडीवर मी पाठ टेकली आहे आणि छातीवर एक कागद आहे. पाचला यात्रा कमिटीची बैठक आहे. त्याआधी त्या कागदावर अध्यक्ष म्हणून माझी सही व्हायची आहे.

कागद सेक्रेटरी दिनकररावांनी लिहिला आहे. अक्षर वळणदार. 'काल यात्रेतील मोठा मांडव कोसळला. मांडव कामगार संपत सकट याने ताणाचा दोर निष्काळजीपणे सोडल्यामुळे हा प्रकार घडला. त्यास यापुढे कमिटीच्या कोणत्याही कामावर घेऊ नये.'

दोर संपतनेच सोडला, हे खरे आहे. पण सोड असे मी म्हणालो होतो. पाहुण्यांच्या खुर्च्यांची पुढची रांग बसत नव्हती, मध्ये दोर येत होता. संपत म्हणाला, "अण्णा, वारं हाय. ह्यो नगा सोडाय लावू." मी म्हणालो, "चाळीस वर्षं तंबू ठोकल्यात मी. सोड." तासाभराने मांडव बसला. बांगड्यांच्या दुकानातल्या बाईचे मनगट मोडले. माझे बोलणे दुसऱ्या कोणी ऐकले नव्हते. संपत कालपासून गप्प आहे.

पत्र्याला एक भोक आहे. त्यातून उन्हाची तिरीप खाली उतरते आणि तिच्यात धूळ तरंगते. मी ती बघत राहतो. तिरीप हळूहळू रुंद होते. ती आता भोकातून येत नाही, मशीनमधून येते. मशीन घरघरते आहे. मशीनमागे बारटक्के मालक उभे आहेत. कानावर खडू, अंगात बाह्या दुमडलेला तोच खाकी शर्ट.

मालकांचा फिरता तंबू सिनेमा होता. मी त्यांच्याकडे मेखा ठोकायला, दोर ताणायला आणि खेळ चालू असताना रिळांचे डबे हातात द्यायला होतो. त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली. त्यांच्या तिरडीला पुढचा उजवा खांदा माझा होता.

"मालक, तुम्ही तर गेलाय."

"मग?" ते मशीनवरून नजर काढत नाहीत. "सातवा डबा आधी लावलास की मेलेला उठतोच, हैबती."

मी हसतो. हसताना माझे दात सगळे जागेवर आहेत. म्हणजे मी चौतिशीत आहे, आणि तंबू सातव्या डब्याचा घोळ झाला त्याच यात्रेतला आहे. समोर माणसे जमिनीवर मांडी घालून बसली आहेत, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. पडद्यावर दरोडेखोरांच्या टोळीचा तो सिनेमा चालू आहे. टोळीचा म्होरक्या पांढऱ्या कोटात. त्याचा उजवा हात म्हणजे मफलर गुंडाळलेला एक काटकुळा माणूस.

पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे. मला तेव्हा आकडेसुद्धा वाचता येत नव्हते. डबे मी खुणांवरून ओळखत असे. पहिल्याचे झाकण चेपलेले, तिसऱ्याला सुतळी, पाचव्याला गंज. त्या दिवशी मात्र कंपनीकडून कोरे, चकचकीत डबे आले, सगळे सारखे, आकडा फक्त आतल्या चिठ्ठीवर. विचारायची लाज वाटली. मी अंदाजाने रचले.

पडद्यावर मफलरवाला नदीत बुडून मरतो. रीळ बदलते. मफलरवाला गाडीत बसून चहा पितो आहे.

"आरं, मेलेला उठला की रं!" पुढून कोणी तरी ओरडते. शिट्ट्या. हशा. मग चपला पडद्याकडे उडू लागतात. "चालकाला भायेर काढा!"

मालक मशीन थांबवतात आणि तिकिटांच्या टेबलावर चढतात. मी मशीनमागे उभा आहे, तेव्हा होतो तसाच, भिंतीला पाठ लावल्यासारखा, आणि तंबूला तर भिंतच नाही.

"मंडळी," मालक कर्ण्यातून म्हणतात, "डबे मी लावले. चूक माझी. उद्या दुपारी हाच खेळ सरळ दाखवीन, तिकीट नाही." ताठ उभे आहेत. खाली बघत नाहीत. तंबू गप्प होतो. मग बायकांच्या बाजूने एक म्हातारी म्हणते, "बस रं बाबा खाली, पडशील. लाव फुडचं." आणि सगळे हसतात, पण वेगळे.

आम्ही होडीत आहोत. नदी पडद्यावरची आहे, काळी-पांढरी, आणि तिला पाण्याचा वास नाही. मालक माझ्याशेजारी फळीवर बसले आहेत.

"सांग," ते म्हणतात, "ह्या सिनेमात पुढारी कोण?"

हा आमचा जुना वाद. एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला जाताना ट्रकच्या हौद्यात आम्ही तोच घोळत असू.

"म्होरक्याच. दुसरं कोण?"

"का?"

"माणसांच्या आधी जेवत नाही. दारातून पहिला आत शिरतो. मफलरवाल्याची आई आजारी पडली तर डॉक्टर घेऊन स्वतः गेला. आवाज चढवत नाही, तरी पाचही जण ऐकतात."

"सगळे गुण बरोबर मोजलेस. चोर आहे, ते सोडून देऊ. चोरांनाही पुढारी लागतोच." मालक पाण्यात हात घालतात. हात कोरडाच बाहेर येतो. "दरोड्याची वेळ कोणी बदलली?"

"म्होरक्याने."

"नको म्हणून कोणी सांगितलं?"

"मफलरवाल्याने."

"डाव फसल्यावर बोट कोणाकडे गेलं?"

होडीच्या टोकाला मफलरवाला पाठमोरा बसला आहे. तो वळतो. तो संपत आहे. गळ्याला मफलर आणि हातात सुटलेला दोर.

"अण्णा, वारं हाय," तो म्हणतो.

माझ्या अंगावर पांढरा कोट आहे. बाह्या मला लांब होतात. एक बोट संपतकडे रोखलेले आहे आणि ते मागे घ्यायला मला जोर लावावा लागतो.

"मालक, गावात माझं नाव आहे," मी म्हणतो. "चाळीस वर्षांत माझा एक तंबू पडला नाही. वादळात शेजारचे पाळणे उडाले, आपला तंबू उभा होता. तुम्हीच सांगायचात लोकांना. आज सही नाही केली तर म्हातारपणी एवढंच राहील, ह्याने मांडव पाडला."

"मी सांगायचो, कारण ते खरं होतं. अजून सांगतो. वरती दुसरं सांगायला आहे काय?" ते हसतात. त्यांच्या पुढच्या दातातली फट तशीच आहे. "तुझी चाळीस वर्षं फेकून दे, असं कोण म्हणतंय? तीच अंगात घालून उभा राहा. चूक वाकून सांगितली की लोकांना दया येते. ताठ सांगितली की विश्वास बसतो. मी काय त्या दिवशी रडलो होतो?"

"तुम्ही खोटं बोललात पण. डबे मी लावले होते."

"लावलेस तू. पण तुला वाचता येत नाही हे ठाऊक असून कोरे डबे तुझ्या हातात कोणी दिले?"

हे मला कधी सुचले नव्हते. चव्वेचाळीस वर्षे मी समजत होतो, त्यांनी माझ्यावर पांघरूण घातले. त्यांच्या हिशेबी त्यांनी फक्त खरे सांगितले होते.

"तेव्हा तू गप्प होतास," मालक म्हणतात, "आज तो गप्प आहे. तुझ्या वेळी बोलायला मी होतो."

होडी शाळेच्या वर्गात लागते. वर्ग म्हणजे आमचा तंबूच, दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा, पडदा गुंडाळलेला. मालकांनी माझ्यापुढे चौदा डबे मांडले आहेत. कानावरचा खडू काढून ते पहिल्या झाकणावर एकचा आकडा काढतात. "गिरव." मी गिरवतो. चौदा झाले की म्हणतात, "आता नाव." माझे नाव डब्याच्या झाकणावर मावत नाही. 'खुडे' हे आडनाव दुसऱ्या झाकणावर जाते. चौतीस वर्षांचा माणूस दोन झाकणे घेऊन तंबूभर फिरतो आणि स्वयंपाक्याला, ट्रकवाल्याला, पाणीवालीला दाखवतो. "वाचा! वाचा की!"

"आम्हाला कुठं येतं वाचाय?" पाणीवाली म्हणते. "तूच वाच."

मी वाचतो. मोठ्याने. मालक मागून ऐकत आहेत. त्यांची छाती माझ्यापेक्षा फुगलेली आहे.

"शंभर गावांत तंबू लावला," ते म्हणतात. "लोकांना वाटतं बारटक्क्याने सिनेमे दाखवले. मी मात्र ह्या दोन झाकणांचं सांगतो." आणि खडू माझ्या हातात देतात. "धर. डबे नीट लाव."

"मालक, थांबा की जरा."

"रीळ संपलं, हैबती."

मशीनची घरघर थांबते. तिरीप बारीक होत पत्र्याच्या भोकात शिरते.

"मामा, उठा. साडेचार झाले," माझी सून मंदा चहाचा कप घेऊन उभी आहे. "सेक्रेटरींचा माणूस दोनदा येऊन गेला. म्हणतो, कागद द्या. अगंबाई, हाताला काय लागलंय? चुना?"

मी तंबाखू खात नाही, पान खात नाही. अंगठा पांढरा आहे, कोरडा, पिठासारखा.

"घरात खडू आहे का गं?"

"खडू? पोरं शहरात जाऊन किती वर्षं झाली. कुठला खडू?"

छातीवरचा कागद मी उचलतो. संपतच्या नावावर, बरोबर मधोमध, एक पांढरा ठसा उमटला आहे. रेघा स्पष्ट आहेत. डब्यावर नाव लिहिले त्या दिवसापासून मी कुठेही अंगठा दिलेला नाही. सोसायटीत नाही, तलाठ्याकडे नाही, मतदानाच्या खोलीतसुद्धा सहीच केली. हा एवढाच.

"मंदा, पेन दे. आणि माझा फेटा काढ, गुलाबी."

"बैठकीला फेटा? लग्न आहे का कुणाचं?"

"दे तर खरं. आणि संपतच्या घरी निरोप धाड. म्हणावं, अण्णांनी बोलावलंय, पुढच्या रांगेत बस."

कागद उलटा करून मी मांडीवर घेतो. माझे अक्षर दिनकररावांसारखे नाही. एकेक काना वेळ घेतो. 'दोर सोडू नका असे संपत सकट याने मला सांगितले होते. सोडायला मी लावला. मांडव माझ्यामुळे पडला.' खाली सही करतो. हैबती खुडे. एका ओळीत मावते.

फेटा बांधताना शेवटचा पेच अंगठ्याने दाबून बसवतो. गुलाबी कापडावर पांढरे उठते. मंदा पदराने पुसायला पुढे होते.

"राहू दे," मी म्हणतो.