बादलीतलं लेबल

लेबल बादलीत उताणं तरंगत होतं आणि नात दारात उभी होती.

"आजी! अय्यो, काय केलंस हे?"

"बाटली धुतली."

मी खोटं कशाला बोलू? आमच्या घरी रिकामी बाटली दिसली की मी ती गरम पाण्यात बुडवते, लेबल सोलते आणि तिळाचं तेल भरून ठेवते. मुलाच्या परदेशी व्हिस्कीच्या बाटल्या तर फार चांगल्या, जाड काचेच्या, बुचाच्या. तंजावरहून चेन्नईला आल्यापासून माझं हे चाललेलं आहे. टेबलावर रिकामी बाटली होती, मी उचलली.

"ती बाबांची नव्हती! आणि लेबल छापलेलं नाही, मी हातानं काढलंय!"

स्कॉटलंडची एक कंपनी आपल्या जुन्या सिंगल माल्ट व्हिस्कीच्या बाटल्यांवर चित्रकारांची लेबलं लावणार होती. लोक म्हणे ती दारू पीतच नाहीत, कपाटात मांडून ठेवतात. सहा चित्रकारांतून एक निवडायचा होता. त्यांचा माणूस चेन्नईत आला होता आणि रात्रीच्या विमानानं परत जाणार होता. कागद काचेवर कसा दिसतो ते बघायला त्यांनी रिकामी बाटली दिली होती. चार वाजता नातीनं ती दाखवायची होती. तेव्हा एक वाजला होता.

"मग धुऊ नको म्हणून चिठ्ठी का नाही लावलीस?"

"बाटलीला लेबल लावलं होतं ना! त्यावर आणखी चिठ्ठी लावू?"

तिला रडू फुटलं. मी म्हटलं, "रड नंतर. आधी शाई बघ."

शाई पक्की होती. निळा समुद्र जागेवर होता. तो तिकडचा थंड समुद्र, तिनं कधी न पाहिलेला, आणि त्यावर आमच्या चेन्नईच्या काशीमेडू बंदरातल्या होड्या. सोन्याचा वर्खही टिकला होता. एक कोपरा तेवढा माझ्या नखानं फाटला होता.

ती गोंदाची ट्यूब घेऊन आली. मी तिच्या हातावर चापट मारली. "त्यानं फुगे येतील. पोदुम, पुरे, ठेव ते."

चौथीनंतर मला शाळेतून काढलं आणि तंजावरच्या चित्रांच्या कामाला बसवलं. फळीवर कापड आणि कागद चिकटवायचा, एक सुरकुती राहिली तरी शिव्या. त्या कामासाठी चिंचोक्याची खळ लागते. चिंचोक्याचं पीठ माझ्याकडे अजून असतं, नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांच्या डागडुजीला. मी खळ शिजवली. नातीला स्टीलचं ताट पालथं घालायला लावलं, लेबल त्यावर चित्राची बाजू खाली करून ठेवलं, जुन्या धोतरानं पाणी टिपलं.

"अजून ओलं आहे, आजी."

"ओलंच लागतं. वाळताना ताणून बसतं."

किती वर्षांनी बोटांना ते काम मिळालं! मी लेबलाच्या पाठीला खळ लावली, ते बाटलीवर ठेवलं आणि मधून कडेकडे दाबत गेले. फाटका कोपरा सुईच्या टोकानं जुळवला. नात श्वास रोखून बघत होती. मला तर ओरडावंसं वाटत होतं, इतका आनंद झाला होता. मग बाटली पंख्याखाली ठेवली आणि दोघी समोर बसून राहिलो. तीन वाजता कागद काचेला असा बसला होता की नख घालायला जागा नव्हती.

"आधीपेक्षा चांगलं दिसतंय," ती हळूच म्हणाली.

"आधी तू चिकटवलं होतंस."

ती मेट्रोनं गेली. साडेपाचला फोन आला. ती इतकी ओरडत होती की मला एवढंच कळलं, तिचं लेबल घेतलं. त्या माणसानं कोपऱ्यावरून अंगठा फिरवून विचारलं होतं, हे कोणी लावलं? तिनं सांगितलं, आजीनं. धुतलंही तिनंच.

मुलगा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून आणि सून बँकेतून आली, तेव्हा मी त्यांना पायसम, आमची खीर, वाढलं. हे सगळं घडताना घरात मी आणि नात, दोघीच होतो, म्हणून त्यांना बादलीपासून सगळं सांगावं लागलं.