पोटरीवर मिळालेली ॲडमिशन

क्रीडा संचालक सर खाली वाकले आणि त्यांनी माझी पोटरी दाबून बघितली. ट्रॅक पँटवरून. आधी डावी, मग उजवी. मान वर करून संस्थेच्या अध्यक्षांना म्हणाले, "कडक आहे, साहेब. चढाईला एक नंबर."

केबिनमध्ये एसी होता. आबा, म्हणजे माझे वडील, खुर्चीच्या कडेवर बसले होते, पाठ टेकली नव्हती. मी उभी. आमच्या गावच्या मंडळाचे कोच बाळूभाऊ माझी कबड्डीची सर्टिफिकेटं टेबलावर मांडत होते.

मी एकच विचारलं. "सर, बी.एस्सी.ला मिळंल का? केमिस्ट्री?"

अध्यक्ष हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "अगं बाई, आपण तुझ्या पायांना ॲडमिशन देतोय. डोकं कशाला मध्ये आणतेस?"

सगळे हसले. चहा घेऊन आलेला शिपाई हसला. आबाही हसले. त्यांना विनोद कळला नव्हता. साहेब हसले म्हणून ते हसले. कंपनीत सुपरवायझर हसला की हसतात तसे.

मला काही वाटलं नाही. खरंच सांगते. राग नाही, रडू नाही. थंडीत मैदानावर आपटलं की गुडघा बधिर होतो, तसं आतून झालं होतं. चहा दिला तो मी प्याले.

आम्ही निघोज्याकडचे. शेत आहे थोडं, पण घर चालतं ते कंपन्यांवर. आबा कंत्राटावर लोडिंगला. आई एका छोट्या प्लेटिंगच्या शॉपमध्ये. दिवसभर लोखंडी पार्ट मुलाम्याच्या टाकीत बुडवायचे, काढायचे, धुवायचे. ग्लोव्हज मिळतात, पण फाटके. तिच्या बोटांची सालं निघायची आणि भाकरी थापताना झोंबायचं. मी शाळेत असताना विचारलं होतं, त्या टाकीत असतं काय? "असंल कायतरी औषाद," आई म्हणाली. "शेटला ठावं. आपल्याला काय करायचंय?"

मला करायचं होतं. तेव्हापासून मी केमिस्ट्रीच्या मागे लागले. कबड्डी तर अंगातच होती, ती काही शिकावी लागली नाही. संध्याकाळी मैदान, मग अभ्यास. बारावीला मार्क चांगले पडले आणि तळेगावच्या एका कॉलेजात मला बी.एस्सी. मिळत होतं. तिथे कबड्डीचा संघ नव्हता. मैदानात गाड्या लावायचे. दुसरीकडे पिंपरीतलं हे मोठं कॉलेज मला बोलावत होतं. मॅट, होस्टेल, बूट, रोज अंडी, फी माफ. पण फक्त बी.ए. खेळाडू मुली सगळ्या बी.ए.ला घालायच्या, हा तिथला रिवाज. सायन्सच्या प्रॅक्टिकलमध्ये सरावाचा वेळ जातो.

घरात बैठक बसली. बाळूभाऊ आबांना म्हणाले, "तळेगावला जाऊन काय करनार ही? शिकलेल्या पोरी ढिगानं हायत राव. अशी चढाई करनारी एक दाखवा. न्याशनल खेळली की डायरेक पोलिसात."

आमच्या पट्ट्यात हे सगळ्यांना पाठ आहे. पोरगी खेळाडू निघाली की तिला भरतीआधीच खाकी चढवतात. आपल्या गावातल्या किती जणींना खरंच मिळाली, हे कुणी विचारत नाही. आबांनीही विचारलं नाही.

"तिला इचारा की," आई चुलीपुढून म्हणाली. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानंतर दोनच दिवसांनी आम्ही त्या एसी केबिनमध्ये होतो.

कॉलेज सुरू झालं. बी.ए. तर बी.ए., शिकू म्हटलं, आणि मी वर्गात जाऊन बसले. राज्यशास्त्राचे सर आले. माझा ट्रॅकसूट बघून थांबले.

"कबड्डी?"

"हो, सर."

"मग इथे काय करतेस? तुझी हजेरी लागते आपोआप. जा मैदानावर."

मागून कुणीतरी दम धरून "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" सुरू केलं. वर्ग खिदळला. सरही गालात हसले. मी सॅक उचलली आणि बाहेर आले. परत त्या वर्गात गेले नाही.

पुढचे महिने मला नीट आठवत नाहीत. उठायचं, पळायचं, अंडी खायची, मॅटवर आपटायचं, झोपायचं. कॉलेज आम्हाला "मॅटवाल्या" म्हणायचं. आम्हीही एकमेकींना तेच म्हणायला लागलो. होस्टेलच्या आमच्या खोलीत एकही पुस्तक नव्हतं. घरून फोन आला की मी "बरंय" म्हणायचे, आणि खोटं बोलतेय असंही वाटायचं नाही.

मग अंतर्गत परीक्षा आली. क्रीडा संचालक सरांनी आम्हाला उभं करून सांगितलं, "पानं भरून या. कोरी ठेवू नका. बाकी आम्ही बघतो."

प्रश्न संघराज्यावर होता. मला ओ की ठो येत नव्हतं. पानं तर भरायची होती. मी आईच्या कामाबद्दल लिहायला घेतलं. टाक्या, त्यांचा वास, फाटके ग्लोव्हज, सगळं. शेवटी लिहिलं, "माझ्या आईच्या हातांची सालं निघतात. त्या टाकीत काय असतं ते मला शिकायचं आहे. सर, हे वाचलं तर मला बोलवा."

वीसपैकी अठरा पडले. कुणी बोलावलं नाही.

होस्टेलच्या जिन्यात बसून मी रडले. पोटरी दाबली तेव्हा रडले नव्हते. वर्गातून काढलं तेव्हाही नाही. नापास होणाऱ्या पोरीचा पेपर निदान कुणीतरी वाचतं. माझा तेवढाही वाचला नव्हता. रडून झाल्यावर राग आला, आणि तो आल्याचं मला बरं वाटलं.

विद्यापीठाच्या स्पर्धा तोंडावर होत्या. मी केबिनमध्ये गेले. अध्यक्ष होते, संचालक सर होते.

"सर, माझा दाखला द्या. मी कॉलेज सोडतेय."

या वेळी कुणी हसलं नाही. "तुझ्यावर खर्च केलाय आम्ही," अध्यक्ष म्हणाले. "परत कुठल्या संघात दिसणार नाहीस. लक्षात ठेव."

"नाही दिसणार. दाखला द्या."

कॉलेजचे बूट मी टेबलावर ठेवले आणि चपला घालून निघाले. दाखल्यासाठी नंतर खूप खेपा घालाव्या लागल्या. घातल्या.

आबांनी बोलणं टाकलं. बाळूभाऊंनी मंडळातून नाव काढलं आणि पोरीनं संधी मातीत घातली म्हणून गावभर सांगितलं. आई म्हणाली, "जेवून घे आधी."

पुढच्या जूनमध्ये तळेगावला गेले. परत पहिल्या वर्षाला. मधलं वर्ष कुठे गेलं, असं प्राचार्य मॅडमनी विचारलं. सांगावं लागलं. मॅडम खूश झाल्या. "अगं, मग आपण संघ काढू की! हजेरीचं, मार्कांचं आम्ही बघून घेऊ."

चांगल्या मनाने बोलल्या त्या. पण हेच मी पिंपरीतही ऐकलं होतं.

"मॅडम, खेळेन मी," मी म्हणाले. "पण प्रॅक्टिकल सोडून नाही. आले नाही तर गैरहजर लिहा. जमलं नाही तर नापास करा."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. आबांसारखं हसून सोडून द्यावं, असं क्षणभर मला वाटलं. हसले नाही.

केमिस्ट्रीच्या पहिल्या चाचणीत नापास झाले. वर्षभर पुस्तक हातात नव्हतं, दुसरं काय होणार? पेपरभर लाल पेन फिरलेलं. एका समीकरणाशेजारी बाईंनी लिहिलं होतं, "पूर्ण चूक. पुन्हा कर."

पुन्हा करणार आहे. तेही चुकलं तर तिसऱ्यांदा करीन. संघ निघाला तर खेळेन, नाही निघाला तर नाही. पण माझा पेपर न वाचता यापुढे मला कुणी पास करायचं नाही.