लांब नळीचा संघपाल

बुलढाण्याजवळच्या धाडच्या बाजारात माणसाचं बारशातलं नाव फार दिवस टिकत नाही. संघपाल हिवाळेला तर आजवर तीन नावं लागली. रोलचा कॅमेरा होता तेव्हा तो ‘खटॅकवाला’ होता. लग्नात हॅलोजनचा दिवा मिरवायला लागला तेव्हा ‘उजेडवाला’ झाला. आणि अलीकडे त्यानं आपल्या सिनेमाच्या कॅमेऱ्याला हातभर लांब भिंग लावलं, त्या दिवसापासून तो ‘लांब नळी’.

हे भिंग त्यानं का घेतलं, यावर स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बरेच दिवस खल झाला. कोणी म्हणे, गडी पिक्चर काढणार. कोणी म्हणे, सातपुड्यात जाऊन बिबटे टिपणार. भाजी विकणाऱ्या बनाबाईनं मात्र मेथीची जुडी बांधता बांधता निकाल देऊन टाकला, “काई पिक्चर नाही अन् फिक्चर नाही. पन्नाशीत लोकाईच्या गच्च्या पाह्याचे डोहाळे लागले त्याले.” टपरी खूश झाली. धाडमध्ये खऱ्यापेक्षा चविष्ट असेल तेच खरं धरतात.

खरं अगदीच बेचव होतं. संघपालचे डोळे जात होते.

मागच्या हिवाळ्यात सुलतानपूरच्या एका लग्नात पंगत टिपताना त्याचा पाय थेट वरणाच्या बादलीत गेला. पंगत हसली. वाढपी म्हणाला, “भाऊची आज लवकर झाली वाटते.” संघपालनं उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता, पण तोही सगळ्यांबरोबर हसला, पायजमा पिळला आणि पुढं गेला. लोकांना प्यालेला कॅमेरावाला चालतो. न दिसणारा चालत नाही. पुढं चौकटीच्या कडेला नको ती डोकी यायला लागली, नवरदेवाचा मामा अर्धा कापला जायला लागला, तेव्हा तो एकटाच बुलढाण्याला डॉक्टरकडे जाऊन आला. काचबिंदू. समोरचं सुईच्या टोकाएवढंही नीट दिसतं, पण बाजूचं आणि खालचं विझत जातं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांनी जमेल तितकं सांभाळायचं. डॉक्टर म्हणाले, “नळीतून पाहिल्यासारखं होईल हळूहळू.”

थेंबांची बाटली बायकोनं पाहिली तेव्हा त्यानं सांगितलं, धुळीची ॲलर्जी हाय. धाडमध्ये धूळ भरपूर, त्यामुळे ते खपलं. तीस वर्षं जो माणूस आसपासच्या गावांची लग्नं डोळ्यांत साठवत आला, त्याला एकाच गोष्टीची धास्ती होती, कॅमेरा हातातून जाईल याची. त्याच्या मते त्याच्या अंगात दुसरं काही नव्हतंच.

म्हणून भिंग. त्याचा हिशेब असा, की आपल्याला नळीतूनच दिसतं तर नळीतूनच काम करावं. तिपाई लांब एका जागी रोवावी, गर्दीत शिरू नये, वायरीत पाय अडकू नये, बादलीत तर नकोच नको. लांबून चेहरे ओढून घ्यावेत. लोक म्हणतील, काय कलाकार आहे.

संभाजीनगरच्या दुकानात चंद्रशेखर नावाचा हुशार पोरगा काउंटरवर होता. त्यानं दोन भिंगं मांडली. एक फोटोचं, हलकं. आपोआप फोकस धरणारं, खांद्यावर कॅमेरा घेऊन मंडपभर फिरता येईल असं. दुसरं खास सिनेमाचं. जड, बोटांनी फिरवायच्या दातेरी कड्यांचं, बुडाशी आधाराचे दांडे लागणारं.

“लग्नासाठी पहिलंच घ्या, काका,” चंद्रशेखर म्हणाला. “दुसरं घेतलं तर तिपाई सुटत नाही. एका जागी खुंट्याला बांधल्यासारखं होईल.”

संघपालला नेमकं तेच हवं होतं, पण ते बोलायचं कसं? त्यानं दोन्ही लावून पाहिली. समोरच्या रस्त्यावर एक बाई स्कूटी पुसत होती. फोटोच्या भिंगानं तिला जवळ ओढलं की चेहरा पुसट होई, पुन्हा फोकस धरावा लागे. मध्येच कोणी आडवं गेलं की ते येडं भिंग त्यालाच धरून बसे. सिनेमाच्या भिंगाचं तसं नव्हतं. पूर्ण ओढून एकदा डोळ्यांवर फोकस बसवला की चौकट लहान करा, मोठी करा, ते आपली पकड सोडत नाही.

“हे पाह्य,” तो महामायेला म्हणाला, “याले म्हणते इमानदारी.”

महामाया म्हणजे त्याची बायको आणि धंद्यातली अर्धी, खरं तर निम्म्याहून जास्त. मुसलमानांच्या लग्नात बायकांच्या कनातीत, कापडी पडद्याआड, पुरुष कॅमेरावाला जात नाही. तिथं महामाया आपला छोटा कॅमेरा घेऊन जाते. पंचक्रोशीतल्या मुसलमान घरांतलं काम संघपाललाच मिळतं ते या महामायेमुळे. पाटीवर मात्र नाव एकट्या संघपालचं.

“इमानदारी हाय, पण आठ-दहा किलोची,” ती म्हणाली. “हलकं घ्या. तुम्ही तर पंगतीत फिरल्याबिगर राहत नाही.”

“आता नाही फिरत.”

“काऊन?”

“वय झालं.”

तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. जड भिंग घेतलं.

बाजाराच्या दिवशी स्टुडिओच्या गच्चीवर त्यानं ते पारखायला काढलं. बनाबाईचे डोहाळे खरे झाले म्हणायचे. भिंगात अख्खा बाजार आला. वांग्यांवरचं पाणी दिसलं. आणि साखरेच्या आजारापायी बायकोनं ज्यांच्या चहातली साखरसुद्धा तोडली ते उत्तमराव, बैलबाजाराच्या भिंतीआड तोंड करून जिलबी खाताना दिसले. पाक हनुवटीवर ओघळलेला. संघपाल इतका हसला की चौकट हलली. संध्याकाळपर्यंत त्यानं ही जिलबी दहा जणांना वाढली, आणि उत्तमरावांच्या घरी जे व्हायचं ते झालं.

पण जिलबी दिसली त्याच वेळी गच्चीवर दुसरं काही चाललं होतं. महामाया चहा घेऊन वर आली होती. त्याच्या उजव्या हाताला, अगदी कोपराशी उभी होती. त्यानं भिंगावरून डोळा काढला होता, तो हसत होता, खालचं वर्णन आपल्याशीच करत होता. तिनं कप पुढं केला. त्यानं पाहिलं नाही. तिनं कप त्याच्या गालापाशी नेला. नाही. मग तिनं मोकळा हात त्याच्या कानाशी धरला आणि अगदी सावकाश, बोटं पसरून, पुढं पुढं नेला. नाकाच्या रेषेत आला तेव्हा तो दचकला.

“अवं, कवा आली?”

“मघाचीच,” ती म्हणाली. चहावर साय धरली होती. “कधीपासून दिसत नाही?”

त्यानं सगळं सांगितलं. मग तिच्याकडून शब्द घेतला, कोणाला बोलायचं नाही म्हणून. “माया, लोकाईले समजलं तर एकही जण दारात येणार नाही. तू आत सांभाळ, मी लांबून सांभाळतो. जितके दिस जाईन तितके जाऊ दे.” तिनं शब्द दिला. तिचं मन मानत नव्हतं, पण दिला.

पहिलं मोठं काम आलं बद्रुद्दीन गादीवाल्याच्या पोरीच्या, मुबीनाच्या लग्नाचं. बद्रुद्दीन आणि संघपाल एका बाकावरचे. बद्रुद्दीनची आई अजीजुन्निसा, सगळ्या गल्लीची खाला, म्हणजे मावशी. तिच्या हातचा खिचडा खाऊन संघपाल वाढला. बद्रुद्दीनला लांब नळी फार आवडली. रुखसतीला, म्हणजे पाठवणीला, नवरी कनातीबाहेर येते तेव्हा परक्या पुरुषानं तोंडाजवळ कॅमेरा नेणं त्यांच्याकडे बरं दिसत नाही. “तू दूरच राह्य,” तो म्हणाला, “अन् चेहरा मात्र माह्या पोरीचा असा घे, का सारी उमर पाह्यत बसीन.”

संघपालनं मैदानाच्या टोकाला तिपाई रोवली. कानाला हेडफोन लावला. मंडपातल्या माइकचा आवाज थेट कानात. रुखसतीच्या जरा आधी खाला काठी टेकत त्याच्यापाशी आली.

“संघपाल, गर्दीत मले कोणी उभं नाही राहू देत. तुह्या डब्यात दाखव पोरीले.”

त्यानं तिला खुर्ची दिली, बाजूचा छोटा पडदा तिच्याकडे वळवला. “बस खाला. इथं तुले साऱ्याईपेक्षा जवळून दिसीन.” आणि डोळा भिंगामागच्या काळ्या भोकाला लावला.

मुबीना बाहेर आली. कनातीचा पडदा सरला, उन्हानं तिनं डोळे बारीक केले. संघपालनं भिंग पूर्ण ओढलं, फोकस पापणीवर बसवला. पापणीवर पाण्याचा थेंब थरथरत होता, आणि तो गालावर यायच्या आधीचा क्षण त्याच्या हाती लागला होता. तीस वर्षांत असा लागला नव्हता. तेवढ्यात चौकट हलली. तिपाईचा पाय कोणीतरी धरला होता. लग्नात पोरं तिपाईशी खेळतात, नेहमीचं. त्यानं डोळा न काढता खाली हात नेला, तो हात झटकून दिला आणि तिपाई घट्ट दाबून धरली. चौकट स्थिर झाली. थेंब ओघळला. गाडी निघेपर्यंत त्यानं एक सेकंद सोडला नाही.

हेडफोन काढला तेव्हा ओरडा ऐकू आला. खाला खुर्चीवरून घसरून तिपाईच्या पायाशी पडली होती. एक हात छातीवर होता. दुसरा, झटकलेला, मातीत. कनातीतून महामाया धावत आली. तिनं पाणी लावलं, तळवे चोळले. काही उरलं नव्हतं.

हे सगळं पाहिलं होतं उत्तमरावांनी, पलीकडच्या पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून. आणि जिलबी ते विसरले नव्हते. बाजारात त्यांनी गोष्ट हातवारे करून सांगितली. “म्हातारी पाणी मांगत होती, अन् यानं असा हात झटकला. असा. नजर नाही उचलली. शूटिंग चालू.” मीठमसाला लावायची गरज नव्हती, तरी बाजारानं लावला. संघपालचं चौथं नाव पडलं. ते लिहिण्यासारखं नाही.

“सांगून टाका,” महामाया म्हणाली. “दिसत नाही म्हणून सांगा.”

“दगड म्हणतात, म्हणू दे.”

“लोकाईचं जाऊ द्या. बद्रूभाईचं काय? आपल्या मायले तुम्ही लोटलं, असं मनात घेऊन जगीन तो.”

जियारतीचा, मयतीनंतरचा तिसरा दिवस सरल्यावर दोघं बद्रुद्दीनकडे गेले. तो कापसाच्या ढिगाशी बसला होता. दोघांना पाहूनही बोटांनी कापूस सोडवत राहिला.

“एकच सांग,” तो म्हणाला. “माय काही बोलली का?”

“आयकू नाही आलं. कानात मंडप वाजत होता.”

“अन् हात काऊन झटकला बे?”

“मले ती दिसलीच नाही, बद्रूभाई. मले समोरचं तेवढं दिसते. बाजूचं, खालचं सारं गेलं. काचबिंदू हाय.”

बद्रुद्दीननं मोबाइल काढला. मुबीनाच्या रुखसतीचा तो तुकडा महामायेनंच पाठवला होता. त्यानं तो लावून संघपालच्या डोळ्यांसमोर धरला. पापणी, थेंब, थेंबात वाकडा झालेला मंडप.

“हे कोणं काढलं?”

“मीच.”

“मैदानाच्या त्या टोकावरून पोरीच्या पापणीवरचं पाणी दिसलं तुले. अन् पायापाशी माय मेली, ते नाही दिसलं.”

“भाई, खरं बोलून राह्यले ते,” महामाया म्हणाली. “मी स्वतः पाह्यलं.”

“वहिनी, तुम्ही घरवाल्या. तुम्ही त्याच्याकूनच बोलसान.” त्यानं मोबाइल कापसावर टाकला. मग आवाज उतरला त्याचा, आणि तेच जास्त लागलं. “अन् धरलं का खरं हाय. मंग दिसत नव्हतं तर माह्या घरच्या कामाले हो काऊन म्हटलं तू? मायले आपल्या भरोशावर खुर्ची काऊन देली?”

बद्रुद्दीननं कापूस पिंजायचं मशीन सुरू केलं. त्या घरघरीत बोलणं शक्यच नव्हतं.

दाराशी संघपाल चपला शोधत राहिला. एक सापडली. दुसरी पायाजवळच होती, तो भलतीकडे चाचपडत होता. महामायेनं वाकून ती त्याच्या पायात सरकवली. बद्रुद्दीन मशीनमागून हे बघत होता. उठला नाही.

बाहेर बाजार भरलेला. महामायेनं नवऱ्याचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण धाडच्या रस्त्यानं त्यांनी एकमेकांचा हात धरला नव्हता. तसं इथं कोणीच धरत नाही. त्यानं तो सोडवून घ्यायला पाहिलं.

“लोक पाह्यतात.”

“पाहू द्या,” ती म्हणाली. “डाव्या अंगाले बैल हाय. इकडून चला.”

टपरीवर उत्तमरावांनी कप खाली ठेवला. “पाह्य. इकडं म्हातारीची माती सुकली नाही, अन् याईले फिराले सुचून राह्यलं.” टपरी हसली, पहिल्याइतकी नाही, पण हसली. संघपालला ते ऐकू आलं. पंचवीस पावलांवरचे उत्तमरावही त्याला लख्ख दिसत होते, अगदी मिशीवरच्या चहासकट. पायापुढचा दगड दिसला नाही. ठेच लागली. महामायेनं सावरलं आणि पकड आणखी घट्ट केली.