समुद्राला वीस मिनिटं

चिवडा संपला तरी डब्याच्या तळाशी चार शेंगदाणे उरतातच, तसे किस्से उरतात. मद्रासला आम्ही दोघं गेलो होतो ते जेमतेम सहा दिवस, पण डबा हलवला की आजही खुळखुळ ऐकू येते! मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते आणि नात लिहून घेते. तिचं मराठी हिंदीच्या वाटेने येतं, तेव्हा मध्येच "मतलब" आला तर तो तिचा. बाकी सगळं माझं.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. आम्ही मूळचे वऱ्हाडातले, पण यांची बदली जयपूरला झालेली. हे सरकारी कचेरीत इन्स्पेक्टर होते. गावोगाव जायचं, कपाटं उघडायची, धूळ शोधायची आणि शेरा मारायचा, हे यांचं काम. घरातही तेच. आमटीवरसुद्धा शेरा!

तर मद्रासचा बेत ठरला आणि यांनी टूर प्रोग्राम तयार केला. कचेरीतल्या टायपिस्टकडून टाईप करून घेतला, तीन प्रतींत. एक यांच्या खिशात, एक ट्रंकेत, एक कचेरीच्या फायलीत. मग मला समोर बसवून वाचून दाखवला. पहिला दिवस, आठ ते साडेनऊ, अमुक देऊळ. साडेनऊ ते अकरा, तमुक किल्ला. मी ऐकत गेले. वाचता येत नाही म्हणून असेल, पण एकदा कानावर पडलेलं माझ्या डोक्यातून जात नाही.

सहाही दिवस वाचून झाले. मी विचारलं, "अहो, समुद्र?"

"आहे ना! शेवटचा दिवस, संध्याकाळी पाच ते पाच वीस."

"वीसच मिनिटं?"

"अगं, पाणीच तर आहे. इथल्या रामगढच्या तलावात असतं तेच. फक्त जास्त."

मी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. माहेरी विहीर, सासरी विहीर आणि जयपूरला वाळू. त्यात निघायच्या दिवशी आमच्या घरमालकीण माँजी दारात येऊन म्हणाल्या, "बहूजी, मंदर तो अठे भी घणा छै. थे समंदर देख'र आज्यो!" देवळं तर इथेही पुष्कळ आहेत, तू समुद्र बघून ये. झालं! मी मनात गाठ मारली. वीस मिनिटांत मी काही परत येणार नाही.

*

मद्रासला उतरलो. लॉज स्टेशनाजवळ, समुद्रापासून लांब. पहिल्याच सकाळी दारात एक फुलवाली बसलेली. हे पुढे झाले आणि तिच्याशी इंग्रजीत बोलू लागले. ती नुसती बघत राहिली. मग हिंदीत बोलले. तिने तोंड फिरवलं.

मी खाली बसले आणि आपल्या मराठीत म्हटलं, "काय गं बाई, गजरा ताजा आहे ना?" ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "हो ना, ऊन फारच आहे." ती हसली. मी हसले. पाच मिनिटं आम्ही गप्पा मारल्या. तिने स्वतःच्या हाताने गजरा माझ्या अंबाड्यात माळला आणि वर एक फूल दिलं.

हे घड्याळ बघत उभे. म्हणाले, "एवढं काय बोलत होती ती?"

मी म्हटलं, "विचारत होती, तुमच्या मालकांच्या मागे कुणी लागलंय का?"

*

दुसऱ्या दिवशी एक संग्रहालय. हे आत शिरले आणि सवयीने पहिल्याच कपाटावरून बोट फिरवलं. बोट पाहिलं, मान हलवली, खिशातून वही काढली. कोपऱ्यातल्या शिपायाने ते पाहिलं मात्र, आत पळाला!

दोन मिनिटांत एक साहेब कोटाची बटणं लावत धावत आले. त्यांना वाटलं, दिल्लीहून तपासणी आली. यांनाही कुणी आपल्याला साहेब समजतंय म्हटल्यावर फार वाईट वाटलं नाही. मग काय, मला खुर्ची! वर पंखा! पितळेच्या पेल्यात कॉफी! हे पुढे, ते साहेब मागे, शिपाई त्यांच्या मागे फडकं घेऊन.

निघताना अभिप्रायाची वही पुढे आली. लोक त्यात "फार छान" वगैरे लिहितात. यांनी लिहिलं, "तिसऱ्या दालनात धूळ आढळली. पंधरा दिवसांत पूर्तता कळवावी." खाली सही आणि जयपूरचा पत्ता.

आणि पंधरा दिवसांनी खरंच पत्र आलं हो, धूळ काढली म्हणून! ते यांनी फ्रेम करायचं तेवढं बाकी ठेवलं.

*

तिसऱ्या दिवशी देऊळ. आत जाताना पुरुषांनी अंगातलं काढायचं, असा तिथला नियम. हे कोट-टाय घालून आलेले. मी माझ्या नऊवारीत. तिकडच्या म्हाताऱ्या बायकाही काष्टा घालतात, जरा वेगळा. त्यातल्या एका आजीबाईंनी माझं लुगडं पाहिलं, कमरेपाशी चाचपून पाहिलं, पसंत आहे अशी मान हलवली आणि मला हाताला धरून थेट गाभाऱ्यापाशी नेलं. दर्शन झालं, प्रसाद मिळाला, पायरीवर बसून खाल्लासुद्धा.

बाहेर येते तो हे अजून पहिल्याच दारात. कोट काढलेला, टाय काढलेला, शर्ट काढलेला आणि बनियन काढायला काही केल्या तयार नाहीत. पुजारी खुणेने सांगतोय, हे खुणेने नाही म्हणतायत.

मला माहीत होतं का ते. बनियनच्या पाठीला तळहाताएवढं भोक होतं. दुसऱ्यांच्या कपाटांत धूळ शोधणारा माणूस, स्वतःच्या कपाटात कधी बघेल तर शप्पथ!

"अहो, काढा की," मी म्हटलं, "काढलं म्हणजे भोकही जाईल."

*

चौथा दिवस मात्र मी विसरणार नाही. बसने चाललो होतो. मी आतल्या बाजूला, हे खिडकीशी. रस्ता वळला आणि वारा एकदम बदलला. ओला, खारट. बसमधली पोरं ओरडायला लागली. मी खिडकीकडे वाकले.

तेवढ्यात हे म्हणाले, "थांब, आपण नेमके कुठे आहोत ते बघू." आणि यांनी शहराचा नकाशा उघडला. केवढा नकाशा! या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडकी भरली.

"अहो, जरा बाजूला..."

"हलू नकोस, घडी मोडेल. हे बघ, हा रस्ता, हे आपण. आणि हा बघ, हा निळा दिसतोय ना? हा समुद्र!"

मी नकाशातला समुद्र बघितला. खरा समुद्र नकाशाच्या मागून निघून गेला. नकाशाची घडी होईपर्यंत बस पुन्हा बाजारात!

त्या दिवशी मी यांच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही. यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण प्रोग्राममध्ये नव्हतं.

*

पाचव्या दिवशी टेकडीवरचं देऊळ, आणि तिथे माकडं. पुजाऱ्याने खूण केली, चष्मा सांभाळा. हे हसले. "आम्ही जयपूरचे! गलत्याच्या देवळातली माकडं रोज बघतो. माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, बस, ते पळतं."

यांनी डोळा भिडवला. माकडाने चष्मा काढून घेतला.

मग हे झाडाखाली उभं राहून साहेबी आवाजात, "ए! छोड़ दो! नीचे आओ!"

मी म्हटलं, "अहो, त्या बिचाऱ्याला हिंदी कुठून येणार?"

माकडाने चष्मा लावून पाहिला, चाटून पाहिला, आणि नापास करून दगडावर टाकला. दोन्ही काचांचा भुगा. दुसरा चष्मा जयपूरच्या कपाटात. चष्मेवाला म्हणाला, चार दिवस लागतील. आमची गाडी तर परवा सकाळी!

यांना चष्म्याशिवाय दिसायचं म्हणजे उजेड आणि अंधार. हाताच्या अंतरावरची मी, तर मलाही आधी हाक मारून खात्री करून घ्यायचे.

*

सहावा दिवस उजाडला. यांनी खिशातून प्रोग्राम काढला, नाकाला लावला, लांब धरला, पुन्हा नाकाला लावला. मग हळूच म्हणाले, "तुला पाठ आहे ना गं? दुपारचं काय आहे?"

आता खरं होतं ते असं. दोन ते साडेतीन कापडाची गिरणी. साडेतीन ते पावणेपाच एक बाग. पाच ते पाच वीस समुद्र. सगळं माझ्या डोळ्यांपुढे स्वच्छ होतं. मी कागद हातात घेतला. उलटा होता की सुलटा, देव जाणे.

"दोन ते सात," मी म्हटलं, "समुद्र."

"छे! पाच ते पाच वीस होतं! मी स्वतः सांगितलं होतं तसं!"

मी कागद यांच्या हातात दिला. "मग तुम्ही वाचा."

हे बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. शेवटी कागदाची घडी घालत म्हणाले, "त्या टायपिस्टला बघतोच मी, जयपूरला गेल्यावर!"

*

दोन वाजता आम्ही वाळूत होतो. मी काय सांगू? जयपूरची वाळू संपावी आणि तिथून पुढे सगळं आकाशच आडवं पडलेलं असावं, तसं. मी लुगडं वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात गेले. लाट आली, पायाखालची वाळू काढून घेऊन गेली, मी किंचाळले, हसले, पुन्हा पुढे गेले. हे मागे कोरड्या वाळूत, बूट-मोजे घालून, हात पाठीमागे बांधून.

"अहो, या की!"

"मी इथून बघतोय."

काय बघणार, कपाळ! थोड्या वेळाने म्हणाले, "कसा आहे गं?"

मग मी एकेक सांगायला लागले. लांबचा रंग असा, जवळचा तसा, फेस ताकासारखा. चार तास मी सांगत होते आणि हे ऐकत होते. किती वाजले, हे एकदाही विचारलं नाही यांनी. उन्हं उतरली तेव्हा कोळी आपली काळी होडी डुलवत डुलवत वाळूवर ओढत होते.

"ते काळं काळं काय हलतंय?"

मला तो नकाशा आठवला.

"हत्ती," मी म्हटलं.

"समुद्रात?"

"आंघोळीला आणलाय. आपल्या आंबेरला नाही का, मावठा तलावात उतरवतात?"

यांनी थोडा विचार केला. "बरोबर आहे. या उकाड्यात करावंच लागतं."

घरी गेल्यावर खरं सांगू, म्हटलं. ते राहूनच गेलं.

दीड-दोन महिन्यांनी चैत्रातलं हळदीकुंकू. सिव्हिल लाइन्समध्ये एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर जयपुरातली सगळी मराठी घरं जमली होती. आत बायका, बाहेर व्हरांड्यात पुरुष. मी पन्ह्याचा ट्रे घेऊन बाहेर येते तो यांचा आवाज, "आणि मद्रासचे लोक समुद्रात हत्तीला आंघोळ घालतात! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!"

समोर एक मेजरसाहेब बसलेले, नुकतेच छावणीत बदलून आलेले. ते शांतपणे म्हणाले, "मी तीन वर्षं मद्रासला होतो. रोज संध्याकाळी समुद्रावर फिरायला जायचो. मला तर हत्ती कधी दिसला नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. यांचे कान लाल झाले. नव्या चष्म्यातून यांनी माझ्याकडे पाहिलं. मेजरसाहेबांनीही माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "वहिनी, तुम्हीही होतात ना? खरंच हत्ती होता?"

मी त्यांच्या हातात पन्ह्याचा पेला दिला.

"एक नव्हता हो भावजी, दोन होते. धाकटा नुसता काठावर उभा होता, पाण्यात यायला काही केल्या तयार नव्हता."