नवऱ्याचा पुरावा

दौंडला मी इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचे, पण हौसेपोटी नव्हे. शाळेतून परतलं की रिकामं घर खायला उठायचं. नवरा रेल्वेत. त्याची भुसावळला बदली झाली तेव्हा तो महिन्यातून एकदा यायचा, पुढे दोन-तीन महिन्यांतून. फोनवर आमचं बोलणं म्हणजे गॅस आला का आणि टाकी भरली का, एवढंच.

त्या वर्षी वरवंडहून एक मुलगी शिकायला येऊ लागली. लग्नानंतर महिनाभरातच तिचा नवरा नोकरीसाठी अमेरिकेला गेला होता. तिचा व्हिसा एकदा नाकारला होता, कारण वकिलातीतल्या साहेबाला लग्न खरं वाटलं नाही. आता मुंबईला दुसरी मुलाखत होती.

"या टायमालाबी न्हाई म्हनले तर काय करू मॅडम? मला त्यांच्याकडं जायाचंच हाय," ती म्हणाली आणि लाजून खाली बघायला लागली.

लग्नाचा अल्बम पहिल्या खेपेला तिनं घरीच ठेवला होता. लग्न बौद्ध पद्धतीनं विहारात झालेलं. अंगावर पांढरी साडी, समोर होम नाही, सप्तपदी नाही. गावातल्या कुणा दीडशहाण्यानं तिला सांगितलं होतं की असले फोटो बघून साहेबाला ते लग्न वाटायचंच नाही. मी भडकलेच. "अगं, त्या साहेबाला सप्तपदी कशाशी खातात ते तरी ठाऊक असेल का? अल्बम सगळ्यात वर ठेव."

मग मी टेबलामागे साहेब होऊन बसायचे आणि ती समोर उभी राहायची. ती 'एव्हिडन्सेस' म्हणायची. मी सांगायचे, पुरावे ढीगभर असले तरी एव्हिडन्सला एस लागत नाही. एव्हिडन्स आणि प्रूफ यांत ती गोंधळायची. तेव्हा शिरूरकडच्या उसात बिबट्या शिरल्याची चर्चा होती. मी म्हटलं, "चिखलात पंजा उमटला, शेळी गेली, हा एव्हिडन्स. बिबट्या पिंजऱ्यात दिसला की ते प्रूफ." हे तिला लगेच पटलं.

"व्हॉट एव्हिडन्स डू यू हॅव दॅट ही इज युअर हजबंड?" मी जाड आवाजात विचारलं.

ती आधी चाचरली आणि मग सुटलीच. तो भाकरीचा पापुद्रा आधी खातो. पालीला घाबरतो, पण कबूल करत नाही. झोपताना उशी भिंतीकडे सरकवतो. तिचं इंग्रजी पार मोडकंतोडकं होतं आणि मी एकही चूक दुरुस्त केली नाही. मला तिचा हेवा वाटत होता. माझ्या कपाटात लग्नाचा दाखला होता, रेशनकार्डावर दोघांची नावं होती, आणि तिच्याकडे महिनाभराच्या संसारात इतकं सगळं जमलं होतं.

शेवटच्या दिवशी ती माझ्या खुर्चीत जाऊन बसली. "आता तुमची पाळी मॅडम. हाऊ मच शुगर युअर हजबंड टेक इन टी?"

मी आधी तिचं वाक्य सुधारलं. मग ताठ मानेनं म्हणाले, "टू स्पून्स. ही लाइक्स इट व्हेरी स्वीट."

"व्हिसा अप्रूव्ह्ड!" ती टाळी वाजवून हसली.

तिचा व्हिसा झाला. पेढे घेऊन आली, पाया पडली आणि गेली. संध्याकाळी घर पुन्हा सुनं झालं.

पुढच्या आठवड्यात नवरा आला. चहा टाकता टाकता मी त्याला ही सगळी गंमत सांगितली, माझं उत्तरसुद्धा. कप त्याच्या हातात दिला. त्यानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर सोडून वर्ष झालं मला," तो म्हणाला. "डॉक्टरनं बंद केलीय."

"मग मागच्या खेपेला काही बोलला नाहीत ते?"

"तू आत गेलीस की बेसिनमध्ये ओतायचो."

तो हे रागानं बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मी कप उचलून आत नेला आणि बिनसाखरेचा चहा टाकला. तो उकळेपर्यंत ओट्याशीच उभी राहिले.